चुलीचा धाकटा वैल

विस्तवाला भिणारी मुलगी, आणि तीही माझ्या पोटी. या गोष्टीचं मला कधी हसू येई, कधी रडू येई, आणि बहुतेक वेळा राग येई. कारण राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर बिऱ्हाड करूनच आहे. माझं माहेर कोकणातलं. माझी आई चुली घालण्यात वाकबगार. गावात कुणाचं नवं घर झालं की चूल घालायला आईला बोलावणं यायचं आणि मी मातीची टोपली घेऊन तिच्या मागे जायची. निखारा चिमट्यात धरून या चुलीतून त्या चुलीत न्यायला मी बोलायला लागल्यापासून शिकले असेन. आणि माझी लेक चुलीत नुसतं लाकूड सारलेलं पाहिलं तरी माजघरात पळायची.

तिचा दोष नव्हता, कुणाचाच नव्हता. ती लहान असताना चुलीसमोर पाटावर बसून दूधभात खात होती. सरपणात बांबूचं एक पेर आलं होतं, ते चुलीत जाऊन फुटलं. बार उडाल्यासारखा आवाज झाला, निखारे उडाले आणि त्यातला एक तिच्या हाताला चिकटला. कोपराखाली चिंचोक्याएवढा डाग राहिला. डाग तेवढाच राहिला, पण भीती तिच्याबरोबर वाढत गेली. देवापुढच्या निरांजनालाही ती लांबूनच हात जोडी, आणि शिमग्याला होळी पेटली की आजीच्या खाटेखाली जाऊन बसे.

ती सात वर्षांची झाली आणि कल्याणच्या एका घरी तिच्या लग्नाचं बोलणं निघालं. माणसं चांगली, घर खाऊनपिऊन सुखी, पण खटलं मोठं. सकाळ-संध्याकाळ वीस-पंचवीस पानं उठायची. आमच्यात तेव्हा मुलीला दुसरं काही आलं नाही तर चाले, चूल आली नाही तर चालत नसे. सासरी कुणी तिची भीती समजून घेईल अशी आशा मला नव्हती. चटका देऊन भीती घालवणारी माणसं मी पाहिली होती. लग्न लांबवणं माझ्या हातात नव्हतं. भीती घालवणं असलं तर माझ्या हातात होतं, आणि तेही ती सासरी जायच्या आत.

भातुकली मात्र तिला जीव की प्राण. मागच्या पडवीत ती तासन्‌तास बसे. नारळाच्या करवंट्या, दोन-चार फुटकी बोळकी, चुरमुरे, गूळ, चिंचेचा पाला. तीन दगड मांडून त्यावर करवंटी ठेवायची, जरा वेळ थांबायचं आणि म्हणायचं, "झाला हं भात." दगडांच्या मध्ये काडीसुद्धा नसायची. ते पाहता पाहता मला वाटलं, हिला एक खरी चूल द्यावी, तिच्याच मापाची. मूठभर तांदूळ खरेच शिजतील एवढी. तिच्यात विस्तव असेल, पण तोही एवढासाच. मोठ्या कुत्र्याला भिणारं पोर पिल्लाला भीत नाही.

मी ही गोष्ट इकडच्या कानावर घातली. इकडून म्हणजे आमच्या यजमानांकडून. नाव घ्यायची तेव्हा रीत नव्हती, आणि आता सवय नाही. ठाण्याच्या कचेरीत नोकरी, त्यामुळे प्रत्येक गोष्टीला दोन बाजू असतात आणि दोन्ही ऐकून घ्याव्यात, असा इकडचा स्वभाव. माझ्या बाजूला मात्र ऐकून झाल्यावर नेहमी हार यायची.

"चूल घालायची कशाला?" इकडून म्हणणं झालं. "कल्याणला तांबटाकडे पितळेची भातुकली मिळते. चूल, पाटा-वरवंटा, सगळं एवढं एवढं. टिकेल जन्मभर. लग्नात रुखवतावर मांडता येईल."

"त्या चुलीवर भात शिजतो का?"

"अगं, खेळणं आहे ते."

"मग काय उपयोग? तिला खेळणं नकोय, चूल हवीय."

"तिला हवीय की तुला?"

मी उठून ताक घुसळायला गेले. पण इकडून एवढ्या प्रेमाने म्हणणं होत होतं की मला पुरतं रागावताही येईना. शेवटी असं ठरलं की इकडच्या मामांना भेटायला कल्याणला जायचंच आहे, तर आधी भातुकली डोळ्यांनी पाहावी, आणि मग विकत घ्यायची की घरी घालायची ते ठरवावं.

कार्तिकातल्या एका सकाळी आम्ही तिघं आगगाडीत बसलो. खाडीवरच्या पुलावर गाडी आली तशी लेक खिडकीला चिकटली. कोलशेताच्या बाजूने भरतीचं पाणी चढत होतं, आणि तिला होड्या मोजायच्या होत्या. मग मुंब्र्याच्या डोंगराशी बोगदा आला. अंधारात इंजिनाच्या ठिणग्या खिडकीवरून गेल्या आणि तिने माझ्या पदरात तोंड खुपसलं. बोगदा सरला, दिवा गेलं, डोंबिवलीची कापलेली भातखाचरं दोन्ही अंगांना आली, तरी ती पदर सोडीना. समोरच्या बाकावरच्या बाई म्हणाल्या, "झोपाळू आहे वाटतं." मी हो म्हटलं. खरं सांगून काय करायचं होतं?

तांबटाचं दुकान म्हणजे नुसता ठणठणाट. मागे हातोड्या चालल्या होत्या आणि पुढे फळीवर ती भातुकली मांडलेली. खोटं कशाला बोलू, मलाही भुरळ पडली. तांदळाच्या दाण्याएवढ्या कड्या असलेलं घंगाळ, बोटभर उंचीचा बंब, पोळपाट-लाटणं, आणि मधोमध ती चूल, आरशासारखी लखलखीत. लेकीने ती चूल उचलली, उलटी केली, चुलीच्या तोंडात बोट घालून पाहिलं आणि विचारलं, "यात विस्तव घालायचा नसतो ना?"

"छे गं बाळ," तांबट म्हणाला, "काळी पडेल की."

तिचा चेहरा असा फुलला की काय सांगू. "आई, हीच घ्यायची," ती म्हणाली.

आणि तिथेच माझं मन फिरलं. मुलीला हवी होती ती बिनविस्तवाची चूल, आणि जन्मभर ती तशीच हवीशी वाटणार होती. मी म्हटलं, "चूल नको. ती छोटी पातेली, झाकणी आणि पळी तेवढी द्या."

इकडून माझ्याकडे पाहणं झालं. "अगं, एवढं तिला आवडलंय."

"आवडलंय म्हणूनच नको."

दुकानात नवरा-बायकोने हुज्जत घालायची नसते, म्हणून इकडून पैसे मोजणं झालं. गाडीत मात्र लेक ठाणं येईपर्यंत मुसमुसत होती आणि इकडून खिडकीबाहेर पाहणं चाललं होतं. पातेली माझ्या मांडीवर होती. तिला आतून चांगली कल्हई होती, तळ जाड होता, मूठभर तांदूळ बरोबर शिजले असते. भांडं विकत आणि चूल घरची, असा माझा निवाडा झाला होता, आणि तो मी एकटीनेच केला होता.

माजिवड्याची एक मोळीवाली आमच्याकडे सरपण घालायची. तिला मी वारुळाची माती आणायला सांगितली, कारण चुलीला तिच्यासारखी माती नाही. ती डोक्यावरची मोळी न उतरवताच हसली. "वारुलाची माती कशाला गो बाय? चूल तं हाय नं तुमची बरी."

"छोटी घालायचीय, पोरीला."

"पोरीला चूल? आमच्या पोरी चुलीपासून पलतान, नि तुमी नवी घालतांव," म्हणाली, पण दुसऱ्या खेपेला टोपलीभर माती घेऊन आली.

मी ती चाळली, भिजवली, तिच्यात भाताचा कोंडा आणि शेण घालून तुडवली. आईच्या मागे हिंडताना शिकलेलं सगळं हातांना आठवत होतं. मागच्या पडवीत, लेकीच्या तीन दगडांच्या जागी, मी वीतभर चूल घातली. पुढे तोंड, वर पातेली टेकायला तीन उंचवटे. सावलीत वाळू दिली, ओल्या हाताने भेगा बुजवल्या, शेणाने सारवली आणि पुढे चार ठिपक्यांची रांगोळीसुद्धा काढली. इतकी देखणी चूल मी आयुष्यात दुसरी घातली नाही.

आता आमच्या घराचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. घर एकत्र. सासूबाई, मोठे भावजी, जाऊबाई, आणि आम्ही. जाऊबाई माझ्यापेक्षा वयाने बऱ्याच मोठ्या. त्यांना मूलबाळ नव्हतं, आणि माझ्या लेकीवर त्यांचा जीव होता. बाई सरळ, पण बोलायला फटकळ. आणि मी ही अशी. नेमकं त्याच आठवड्यात आमचं लोणच्यावरून वाजलं होतं. बरणीला ओला हात लावला कुणी, यावरून त्यांनी मला बोल लावला आणि मी फणकाऱ्याने म्हटलं, "ज्याचं त्याला वेगळं असलेलं बरं." मी बोलले ते लोणच्याबद्दल. बोलून विसरलेही.

दोन दिवसांनी दुपारी मी पडवीतली चूल पहिल्यांदा पेटवली. करवंटीचे तुकडे, चार काटक्या, आणि लेकीला हाक मारली. तिने दारातून पाहिलं. जाळ वीतभरही नव्हता. पण ती पांढरीफटक पडली आणि पळाली ती थेट पुढच्या ओटीवर. माझं पिल्लू-कुत्र्याचं शहाणपण तिथेच संपलं. मी कपाळाला हात लावून बसले होते, आणि त्याच वेळी धुराच्या वासाने जाऊबाई पडवीच्या दाराशी आल्या. त्यांनी चूल पाहिली, रांगोळी पाहिली, पेटलेला जाळ पाहिला. आणि तशाच त्या माघारी आत गेल्या.

संध्याकाळी पाहते तर जाऊबाई फळीवरची भांडी खाली काढून दोन ढीग करत होत्या. त्यांच्या माहेरची एका बाजूला, घरची दुसऱ्या बाजूला. डोळ्यांना पदर. मी विचारलं तर म्हणाल्या, "तुमचं तुम्ही काढून घ्या. मला कुणाचं चमचाभरही नको." मला काही उमगेना. तेवढ्यात मोठे भावजी माजघराच्या दाराशी येऊन उभे राहिले. ते माझ्याशी कधी समोरासमोर बोलत नसत. भिंतीकडे पाहूनच ते इकडच्या स्वारीला म्हणाले, "वेगळं व्हायचं होतं तर तू मला तोंडाने सांगायचंस. बायकोकडून चूल मांडून कशाला घेतलीस?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. एका घरात दुसरी चूल पेटली म्हणजे भाऊ वेगळे झाले. ही गोष्ट शेंबड्या पोराला कळते, आणि चुली घालणारीच्या लेकीला ती सुचली नव्हती. वर "ज्याचं त्याला वेगळं" म्हणून मी दवंडीही पिटून ठेवली होती.

मी खरं काय ते सांगू लागले, पण घाबरले की माझा आवाज चढतो, आणि चढल्या आवाजातलं खरंही कुणाला पटत नाही. लेकीची भीती, भातुकली, कल्याणचं स्थळ, सगळं एकदमच बाहेर पडलं. जाऊबाई म्हणाल्या, "खेळण्यापुढे कुणी रांगोळी काढतं का?" आणि इकडून, नको त्या वेळी, म्हणणं झालं, "मी पितळेची घेऊ म्हणत होतो."

सासूबाई देवघरात वाती वळत होत्या. त्या उठून पडवीत गेल्या, चूल पाहिली, वाकून तिच्या तोंडाशी हात धरला आणि परत आल्या. त्यांच्या माहेरी असंच झालं होतं. एका स्वयंपाकघरात दोन चुली झाल्या, आणि भावाभावांनी पुढे एकमेकांच्या सुतकाचं स्नानदेखील केलं नाही. हे त्यांनी आम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "चूल छान घातलीस. उद्या मोडून टाक."

"पण मुलीचं काय?"

"या घरात चूल एकच राहील. मुलीसाठी हवं तर माझ्या चुलीला एक वैल घाल."

वैल म्हणजे चुलीला जोडून असलेलं दुसरं तोंड. त्यात लाकूड घालत नाहीत. मुख्य चुलीचा जाळ आतल्या भोकातून जातो आणि त्याच्या धगीवर दूध, आमटी असं काही ठेवतात. आमच्या चुलीला एक वैल होताच. त्याच्या पाठीला आणखी एक, पोराच्या मापाचा, घालायचा. मला ते मनातून पटलं नव्हतं, कारण वैलात विस्तवच नसतो. पण सासूबाईंनी एकदा सांगितलं की त्यावर बोलायचं नसे. मी दुसऱ्या दिवशी पडवीतली चूल मोडली. तीच माती पुन्हा भिजवली, आणि या खेपेला जाऊबाई माझ्यासमोर येऊन बसल्या आणि माती तुडवू लागल्या. लोणच्याचं पुन्हा कुणी नाव काढलं नाही.

वैल वाळला. लेकीने लांबून मान वाकडी करून त्याच्यात पाहिलं. "यात विस्तव नाही ना?"

"नाही," सासूबाई म्हणाल्या. "शेजारणीकडून ऊब येते तेवढीच. ये."

ती आली. हातभर लांब उभी राहिली, पण आली. सासूबाईंनी तिला आंघोळ घालून आपल्या जुन्या मुकट्याचा तुकडा नेसवला. रेशमी वस्त्र सोवळ्यातलं, तेव्हा तेवढ्या एका तुकड्याने माझी परकरी पोर सासूबाईंच्या सोवळ्यात जाऊन बसली. मला त्याचं हसू येत होतं, पण तिच्या तोंडावर मोठा गंभीरपणा. कल्याणच्या पातेलीत तांदूळ, पाणी आणि मिठाचा कण. पातेली वैलावर ठेवायचं काम पहिल्या दिवशी सासूबाईंनीच केलं. लेक पाटावर पाय जवळ घेऊन बसली होती. बऱ्याच वेळाने झाकणी हलू लागली, आणि तिने विचारलं, "कोण हलवतंय?" कुणी हलवत नाही, भात शिजतोय, असं कळल्यावर ती हनुवटी गुडघ्यांवर टेकून झाकणीकडे बघत राहिली. आजवर तिचे सगळे भात "झाला हं" म्हटल्यावर होत आले होते. हा आपणहून होत होता.

त्या हिवाळ्यात वैलावर रोज काही ना काही शिजलं. कधी कच्चं राहिलं, कधी लागलं, आणि इकडून ते सगळं वाखाणत खाणं झालं. एकदा तर जळकी खिचडी खाऊन कचेरीतल्या मुख्य कारकुनाला तिची चव सांगणं झालं, असं कळलं. हळूहळू लेक पाट पुढे ओढू लागली. मग एक दिवस मी तिला आजीला सांगताना ऐकलं, "आजी, खदखदत नाहीये. लाकूड सार ना जरा." मी दाराआड थबकले. विस्तव हवा, असं तिच्या तोंडून मी प्रथमच ऐकत होते. पण लाकूड सारलं आजीनेच. मुख्य चुलीच्या तोंडासमोर ती कधी येत नसे. वैलाच्या बाजूनेच यायची आणि त्याच बाजूने जायची. कल्याणकडचा निरोप आला होता की वैशाखात लग्न करून टाकू. मी रोज रात्री मनाशी म्हणे, वैलापर्यंत आली, आता एवढं हातभर अंतर राहिलं. आणि ते काही केल्या सरेना.

माघ संपता संपता जाऊबाईंच्या भाच्याची मुंज कल्याणला निघाली. जाऊबाई आणि मोठे भावजी आधी गेले. शेजारची दोन्ही घरं त्याच गोतातली, तीही कुलपं लावून गेली. सासूबाईही जायच्या होत्या, पण त्यांना ताप भरला. आणि नेमकी त्याच दिवशी मी बाजूला बसले. म्हणजे तीन दिवस मागच्या पडवीत एका घोंगडीवर, कशाला शिवायचं नाही, कुणी वरून वाढेल ते खायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंचा ताप उतरला, जेवणाचं मी बघते असं त्यांनीच सांगितलं, म्हणून इकडून दहीपोहे खाऊन कामासाठी भिवंडीकडे जाणं झालं. पण दोन घटकांत त्यांना पुन्हा हुडहुडी भरली.

लेक पडवीच्या दारात आली. "आजीला उठवत नाही. कालपासून पोटात काही नाही म्हणते. पेज मागतेय."

मी उठून उंबऱ्यापर्यंत गेले आणि थांबले. उंबरा ओलांडला असता तर सगळं स्वयंपाकघर बाटलं असतं, आणि मग सासूबाईंनी पेजेचा घोट घेतला नसता. उपाशी पडून राहिल्या असत्या. मी त्यांना ओळखत होते. त्या दिवशी मला माझ्या त्या बाजूला बसण्याचा जेवढा संताप आला तेवढा आयुष्यात कशाचा आला नसेल.

"तू कर," मी म्हटलं.

"वैल थंड आहे."

"मग चूल पेटव."

तिने हात पाठीमागे घेतला, तो डागाचा. रडली नाही. नुसती उभी राहिली. मला वाटलं, म्हणावं, राहू दे बाळ. ओठावर आलं होतं. आतून आजीच्या कण्हण्याचा आवाज आला. लेक वळली, आंघोळीच्या जागी गेली, अंगावर पाणी ओतून मुकट्याचा तुकडा गुंडाळून आली. दारातून मला चुलीचा अर्धाच भाग दिसत होता.

"राखेत विस्तव असेल बघ. लाकडाने उकर."

तिने उकरलं. राखेतून लाल दिसलं आणि ती भिंतीला जाऊन टेकली. मी दाराची चौकट दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. मग तिने काय केलं, तर सरपणाकडे गेली आणि एकेक लाकूड उचलून मला दाखवू लागली.

"आई, हे बांबूचं आहे?"

"नाही. आंब्याचं."

"हे?"

"तेही आंब्याचं."

"आणि हे?"

सगळी मोळी तिने तपासली. एक बारीक काटकी बांबूची निघाली, ती तिने दोन बोटांत धरून पार परसात नेऊन टाकली. परत आली ती थेट चुलीच्या तोंडासमोर बसली. भाजल्यापासून जिथे ती कधी बसली नव्हती तिथे.

"नारळाच्या शेंडीची किशी ठेव. आता फुंकणी घे. लांबून फुंक."

ती फुंकू लागली. धूर झाला, ती खोकली, डोळे पुसले, पुन्हा फुंकली. आणि मग जाळ उठला. ती दचकून मागे सरली, एवढीच, हातभर. जाळाने तिला काही केलं नाही. ती पुढे आली आणि आंब्याचं एक लाकूड आत सारलं.

"पातेली चुलीवरच ठेव," मी म्हटलं, "लवकर होईल."

"चूल आजीची आहे," ती म्हणाली, आणि पातेली आपल्या वैलावर ठेवली.

पातेलीभर पेज, म्हणजे आजारी माणसाला बरोबर पुरेल एवढी. तिने ती फडक्यात धरून आत नेली. थोड्या वेळाने सासूबाईंचा बारीक आवाज ऐकू आला, "मीठ जास्त झालंय." आणि मग, "राहिलीय ती दे सगळी." तेव्हा कुठे मी दाराची चौकट सोडली. सासूबाईंनी मुलीच्या हातचं खाल्लं याचा आनंद होताच. पण खरं सांगायचं तर वैशाख आता मला पूर्वीइतका भेडसावत नव्हता.

दुपार कलल्यावर ती केळीचं पान घेऊन पडवीत आली. ज्या जागी मी ती पहिली चूल घालून मोडली होती, तिथेच माझी घोंगडी होती. पान तिने लांबूनच माझ्यासमोर सरकवलं, आणि वरून, मला न शिवता, पातेलीतला भात सोडला. भात एका बाजूने लागला होता. तिच्या नाकाला काजळी होती, पापण्या धुराने लाल झाल्या होत्या, आणि ती कंबरेवर हात ठेवून मी जेवते की नाही ते बघत उभी होती, अगदी सासूबाईंसारखी. मूठभर तांदळाचा तो भात चार घासांत संपला. मला भूक होतीच, पण त्याहून जास्त काहीतरी होतं, म्हणून मी पान पुसून घेतलं.

"अजून हवा?" तिने विचारलं.

मी काही बोलायच्या आत तिने पातेलीत डोकावून पाहिलं. रिकामी होती.

"थांब हं जरा," ती म्हणाली. "विझली असेल. पुन्हा पेटवते."

आणि ती आत गेलीसुद्धा.